तीस मिलिअँप

अकराव्या मिनिटाला जातं.
दहाव्याला नाही, बाराव्याला नाही.
खट्ट.
आणि कोपरखैरण्यातलं आमचं साडेचारशे चौरस फूट
एकदम विहिरीच्या तळाशी.
फ्रिज थांबल्यावर कळतं, तो इतका वेळ बोलत होता.

मी महापेला डेटा सेंटरमध्ये असतो, पाळीवर.
तिथे चार हजार सर्व्हर माझ्या भरवशावर जागे.
इथे एक ड्रायर,
तोही कॅनडाला निघालेल्या पेठ्यांकडून
अर्ध्या किमतीत घेतलेला,
मला जुमानत नाही.

घेतला दुपट्यांसाठी.
दोरीवरची दुपटी तिसऱ्या दिवशीही
हाताला गार जिभेसारखी लागत.
वृषाली म्हणाली, सरळ डायपर आणा.
आई म्हणाली, आमची पोरं काय ओलीच राहिली?
मी म्हणालो, ड्रायर आणू.
माझी रीतच आहे ती,
दोघींच्या मधे
एखादं यंत्र नेऊन ठेवायचं.

सॉकेट बदलून पाहिला. गिझर बंद ठेवून पाहिला.
रिकामा फिरवला, तरी अकरावं मिनिट.
मग गार हवेवर फिरवला
तर तासभर फिरला बापडा, गुणी मुलासारखा.
म्हणजे दुखणं तापण्यात होतं.
घरात तोवर निदान होऊन गेलं होतं:
आईच्या मते पेठ्यांची वस्तू,
वृषालीच्या मते आमचं वायरिंग, म्हणजे
आमचं घराणं.

बोनकोड्याचे मढवीकाका आले, चष्मा दोरीला.
खटक्यावर बोट ठेवून म्हणाले,
"बाला, हा भार नाय मोजत. हिशेब ठेवतो.
एका तारेनं आत गेलं
तेवढं दुसरीनं परत यायला पाहिजे.
तीस मिलिअँप कमी भरले
की कुठं गेले, विचारत बसत नाय."
तीस म्हणजे किती?
"झिरोचा बल्बपण नीट पेटायचा नाय.
माणसाला पुरतात."

पाठ उघडली.
आत राखाडी रुईचा थर,
पेठ्यांचे टॉवेल, आमची दुपटी,
कुणाचं काय ते आता वेगळं होणार नाही असा.
त्याखाली हीटरची गुंडाळी
आणि गुंडाळी नि पत्र्याच्या मधोमध
लंगोटाची पिन. निळ्या टोपीची.

"तार तापली की सैल पडते," काका हळू आवाजात म्हणाले,
"हिला टेकायला अकरा मिनिटं लागतात."

बारशाच्या आधीच ठरलं होतं, पिना नकोत.
टोचेल त्याला. नाड्या बांधा.
आई "बरं" म्हणाली होती.
तिचं "बरं" मी लहानपणापासून ओळखतो.

"काय निघालं?"
दोन खोल्यांतून एकदम.
मी मूठ मिटली. पिन अजून कोमट होती.
"वायर सैल होती."
काकांनी शेवटचा स्क्रू जरा जास्तच पिळला,
चारशे रुपये घेतले,
आणि दारात चपला घालता घालता म्हणाले,
"सैलच होती."

मग आम्ही ड्रायरसमोर उभे,
मोबाइलवर घड्याळ लावून.
नऊ. दहा.
बाळसुद्धा वृषालीच्या खांद्यावर गप्प.
अकरा.
काचेमागे दुपटी वर जाऊन पडत होती,
वर जाऊन पडत होती.
बारा झाली तशी आई आत वळली.
तिच्या हिरव्या बांगडीत दोन पिना होत्या.
आधी किती असायच्या
ते मी कधी मोजलं नव्हतं.

रात्रपाळीला महापेच्या गेटवर
डिटेक्टर वाजला.
चाव्या काढल्या, पट्टा काढला, तरी वाजला.
नवा पोरगा होता, नियमाने वागणारा.
"खिशात काय?"
"पिन," म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदाच.
कुणाची, ते त्याने विचारलं नाही.
ट्रेमध्ये ठेवून घेतली, वहीत नोंद केली:
पिन, लहान, नग एक.
पुढचा रकाना, परत नेल्याची वेळ.
तो त्याने
कोरा सोडला.